पन्नासपैकी बावीस

लावा की हात. — नाही, मध्ये नको, मध्ये शाई आहे; कडेला लावा. चित्र संपतं आणि कोरा कागद सुरू होतो ना, तिथे बोट फिरवा अलगद. लागली खाच? हां, ती पत्र्याची कड. तुम्ही मघाशी म्हणालात ना, प्रिंट म्हणजे शेवटी छापलेलंच, मग एक महाग आणि एक स्वस्त का — तर ही खाच आहे म्हणून. जस्ताच्या नाहीतर तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर चढवायचा, त्यावर सुईने चित्र काढायचं, मग पत्रा आम्लात सोडायचा. जिथे सुई फिरलीय तिथे आम्ल खातं. त्या खाचांत शाई भरायची, वरची सगळी पुसून काढायची — हे पुसणं करून बघा एकदा, खांदे बोलायला लागतात — आणि ओला कागद वर ठेवून दोन रुळांमधून काढायचा. दाब एवढा, की पत्रा कागदात रुतून बसतो. याला एचिंग म्हणतात. कोणी एचिंग म्हणून दाखवलं आणि कडेला खाच नसली, तर छान आहे म्हणायचं आणि बाहेर पडायचं. — हो, आता तीही खोटी पाडणारे आहेत, पण तेवढी मेहनत घेणारा माणूस दुकानात फार बोलत नाही. जास्त बोलतो तो जपून घ्यावा. माझं सोडा. मी जन्मापासून बोलते.

बसा ना, उभ्या का. आमचे हे काच आणायला गेलेत, फ्रेमची, तासाभरात येतील, तोवर तुम्हाला कोणी घाई करणार नाही. नवं घर ना? दिसतं. नव्या घराची माणसं चित्र बघायच्या आधी हातांनी भिंतीचं माप दाखवतात — एवढी भिंत आहे, सोफ्याच्या वर. तर हे दुसरं बघा, हा लाकडाचा ठसा. एचिंगच्या नेमका उलटा. तिथे खाच छापते, इथे खाच कोरी राहते आणि उरलेलं लाकूड छापतं, ऑफिसातल्या रबरी शिक्क्यासारखं. म्हणून रेघा कशा ठसठशीत, आडदांड. आणि हे लाल-पिवळं आहे ते स्क्रीन. ताणलेल्या जाळीच्या कापडातून रंग खाली दाबायचा, शर्टावर छापतात तसंच. तिरकं धरा — रंगाचा थर दिसतो बघा, भिंतीला ऑइलपेंट द्यावा तसा. हे चारी बाजूंनी एकसारखं गुळगुळीत आहे ते संगणकातून काढलेलं. ते वाईट नाही हं, अजिबात नाही. कागद चांगला आहे, रंग टिकतो, फक्त ते कशातून आलंय हे सांगून विकलं पाहिजे. आमच्याकडे मागे लिहिलेलं असतं. नाही, हे कायद्याने नाही, हे आमच्या ह्यांच्या नियमाने.

खालचा आकडा? तो सगळेच विचारतात. डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने सात, तिरकी रेघ, तीस — म्हणजे तीसच काढलीत आणि त्यातलं हे सातवं. पत्रा एकच, कागद तीस. तीस झाल्यावर पत्र्यावर आडवा ओरखडा मारतात, की पुन्हा कोणाला मोह नको. लोक म्हणतात एक नंबरचं द्या. कशाला? शर्यत आहे का ती? सातवं आणि सत्ताविसावं सारखंच, आकडा फक्त एवढं सांगतो की तिसाच्या वर नाहीत. तो चित्रकाराचा शब्द असतो. कागदावर पेन्सिलीने दिलेला. म्हणून तो आकडा चित्रकारानेच—

कुठलं? ते मागचं, दाराजवळचं? ते विकायचं नाही. पण बघा ना, जवळ जाऊन बघा. लिथोग्राफ आहे, दगडावरचं. गुळगुळीत घासलेला जड दगड असतो, त्यावर तेलकट खडूने चित्र काढायचं; मग ओला बोळा फिरवला की कोऱ्या दगडाला पाणी धरतं, खडूला धरत नाही, आणि वरून शाईचा रूळ फिरवला की शाई खडूला धरते, पाण्याला धरत नाही. एवढंच. तेल आणि पाणी एकमेकांशी बोलत नाहीत, त्यावर सगळा धंदा. खाच नाही काही नाही, पण हे भिंग घ्या आणि रेघ बघा — खरखरीत भिंतीवर खडू ओढल्यासारखी, कुठे दाणा मोठा कुठे बारीक, सारखेपणा म्हणून नाही. रिकामी दोरी आणि कपड्यांचे चिमटे, बस्स. ‘दोरी’च नाव आहे त्याचं. आमच्या अण्णांचं आहे, माझ्या वडिलांचं. शेवटचं. आकडे कसे वेडेवाकडे आलेत बघा, चौसष्टपैकी चौसष्ट. हात कापायचा तोवर त्यांचा. — चौसष्टच का, पन्नास नाही, शंभर नाही? तुम्ही फार प्रश्न विचारता हो. बरोबर विचारता, विकत घेणाऱ्याने विचारलेच पाहिजेत. चौसष्ट, कारण घरं चौसष्ट होती.

सांगते. आता सुरू केलंय तर सांगते, नाहीतर तुम्ही घरी जाऊन भलतंच काहीतरी ठरवाल. अण्णा मुळात छापखान्यात लिथोचे कारागीर, दुसऱ्यांची चित्रं छापणारे. पुढे स्वतःचा एक दगड आणि हातयंत्र घेतलं, आणि हे दुकान टाकलं. त्यांनी एक चित्र काढलं — ‘वारा’. दोन गच्च्यांमध्ये बांधलेली दोरी, त्यावर वाळत घातलेली एक चादर, आणि ती चादर अशी फुगलेली की बघणाऱ्याला वाटावं, धावत जाऊन धरावी नाहीतर गेली उडून. राखाडी आणि काळा, दोनच रंग. पन्नास काढली, आकडे घातले, सही केली, दगड वाळूने घासून कोरा केला. दगडाचं तसंच असतं. घासला की चित्र गेलं, त्याच दगडावर पुढचं. पन्नास तर वर्षभरात गेली. मग अण्णांनी त्या दगडावर दुसरं चित्र काढलं, तिसरं काढलं, पण येणारा प्रत्येक माणूस दारातूनच विचारणार, ती चादर आहे का. कोणी बहिणीकडे बघितलेली, कोणी साहेबांकडे. दुसऱ्या चित्रांकडे कोणी मान वळवून बघेना. अण्णा संध्याकाळी दगडासमोर बसायचे, मांडीवर हात ठेवून. दहा-बारा वर्षं चाललं हे असं. आणि मग ‘वारा’ पुन्हा मिळायला लागलं. अण्णा सांगायचे, जुनी काही राहून गेली होती, कागदांच्या गठ्ठ्यात सापडली. लोकांना आनंद झाला. कोणी विचारलं नाही किती सापडली. ती पुढची बरीच वर्षं सापडत राहिली.

माणसाला फ्रेमसकट चित्र घरी पोचवायचं आणि स्वतः भिंतीवर लावून द्यायचं ही अण्णांची पद्धत. खिशात हातोडी, पट्टी, पाण्याचा बुडबुडा असतो ती लेव्हल. खिळा कुठे मारायचा यावर ते घरच्या माणसांशी अर्धा तास वाद घालायचे आणि जिंकायचे. मग आमचे हे आले — फ्रेम करणारे म्हणून आले आधी, कामाला. नंतर जावई झाले. तो एक वेगळाच अध्याय आहे, तुम्हाला वेळ नसेल. एवढंच सांगते, की काच अर्ध्या मिलिमीटरने कमी आली तर परत पाठवणारा माणूस आहे हा. लग्नात आमचा फोटो काढताना फोटोग्राफरला यांनी सांगितलं, कॅमेरा डावीकडे झुकलाय. आणि खरंच झुकला होता. तर या माणसाने स्वतःच्या हातांनी त्या ‘वारा’च्या वीस-पंचवीस तरी फ्रेमा केल्या, आणि कळलं नाही. फ्रेम करणारा कडा बघतो, माप बघतो. आणि सासऱ्याच्या चित्राला भिंग कोण लावतं?

अकरा वर्षं झाली. सकाळची वेळ, दुकानात आम्ही तिघंही, आणि एक बाई आल्या. गणिताच्या शिक्षिका, नुकत्या निवृत्त झालेल्या, हातात पिशवी. आवाज चढवला नाही की काही नाही. म्हणाल्या, माझ्याकडे तुमचं ‘वारा’ आहे, त्यावर बावीस लिहिलंय, पन्नासपैकी बावीस. काल मी शाळेतल्या जुन्या मैत्रिणीकडे जेवायला गेले, तिच्याकडेही ‘वारा’ आहे, आणि तेही पन्नासपैकी बावीस. तिचं मी मागून आणलंय. आणि पिशवीतून दोन्ही काढून काउंटरवर शेजारी-शेजारी ठेवली. मग म्हणाल्या, “मी चौतीस वर्षं मुलांना शिकवलं. एक ते पन्नासमध्ये बावीस एकदाच येतो.”

हे हसले आधी. म्हणाले, आकडा घालताना चुकला असेल अण्णांचा, बघू या. आणि भिंग घेतलं. एकावर ठेवलं, बघितलं. दुसऱ्यावर ठेवलं. मग परत पहिल्यावर. मी यांच्या मानेकडे बघत होते. मान वर येईना. तुम्हाला दाखवते काय दिसलं ते, थांबा, खणात एक ठेवलंय — हे ‘वारा’. छान आहे ना? ती चादर बघा. आता भिंग लावा. राखाडी दिसतंय? नाही ना. गुलाबी ठिपका, निळा ठिपका, पिवळा, काळा, पुन्हा गुलाबी — फुलाच्या पाकळ्यांसारखे गोल-गोल मांडलेले, अगदी कवायतीला उभे केल्यासारखे. वर्तमानपत्रातल्या फोटोला भिंग लावा, हेच दिसेल. ऑफसेट. कॅलेंडरं छापतात त्या मशीनवर छापलेलं. खऱ्या प्रिंटचा कोणी फोटो काढला आणि त्या फोटोच्या दोनशे प्रती काढल्या, हे असं. बाई दोन घेऊन आल्या होत्या आणि दोन्ही तसलीच निघाली. सही खरी, पेन्सिलीची, अण्णांचीच. चित्र त्यांचंच. फक्त दगड नव्हता. आणि पन्नास पन्नास नव्हते.

बाईंना यांनी चहा दिला, खरं काय ते घरी येऊन सांगतो म्हणून शब्द दिला आणि पाठवलं. मग शटर अर्धं ओढलं आणि अण्णांसमोर स्टूल घेऊन बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. हे अगदी हळू बोलतात अशा वेळी. किती, म्हणाले. अण्णा म्हणाले, दोनशे. आणि मग यांनी विचारलं, सगळ्यांवर आकडे तुम्हीच घातले का. अण्णांनी माझ्याकडे बघितलं एकदा. मी तिथे कापडाच्या पट्ट्या कापत होते. मग म्हणाले, “मीच घातले. ती लहान होती, तिला काही माहीत नव्हतं.”

तुम्हाला वाटलं असेल आता भांडण होणार. नाही झालं. दोन दिवस घरात फक्त भांड्यांचे आवाज. तिसऱ्या दिवशी यांनी सांगितलं, आपण घरोघरी जायचं, खरं सांगायचं, ते चित्र परत मागायचं आणि बदल्यात खरं द्यायचं. मी म्हटलं, खरं कुठून आणणार, दगड घासून किती वर्षं झाली. तर अण्णा खुर्चीतून उठले. चौऱ्याहत्तरचे होते. म्हणाले, दगड आहे ना अजून. मागच्या खोलीत गेले आणि वाळू-पाणी घेऊन दगड घासायलाच बसले, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, मध्ये मध्ये हात झटकत. आणि घासता-घासता घरं सांगायला लागले. त्यांच्या सगळं डोक्यात. अमक्या रस्त्यावर तिसरा मजला, जिन्यासमोरची भिंत, भिंत ओली होती म्हणून वरच्या बाजूला लावलंय. दंतवैद्याची बाहेरची खोली, खुर्च्यांच्या वर. शिंप्याच्या दुकानाच्या वर राहणारं जोडपं, त्यांना मी म्हणत होतो उजवीकडे लावा, त्यांनी ऐकलं नाही. हे लिहून घेत होते. दोनशेपैकी काही गावाबाहेर गेलेली, काही घरं पाडलेली, माणसं गेलेली; शेवटी जाता येतील अशी भरली चौसष्ट.

‘दोरी’ काढायला अण्णांना पाच महिने लागले. चादर का नाही काढली असं यांनी विचारलं, तर म्हणाले, ती काढून घेतली. एवढंच. यंत्राचं चाक यांनी फिरवलं, कागद मी धरले, आकडे अण्णांनी घातले, एका दिवसात दोन-तीनच. एकेक आकडा काढून दम खायचे. मग रविवार-रविवार आम्ही दोघं निघायचो. हे पुढे, हातात नवं चित्र कापडात गुंडाळलेलं, मी मागे. दीड वर्ष लागलं सगळं व्हायला. — अहो काय सांगू, लोक काय काय करतात. मला वाटलं होतं सगळे चिडतील. दंतवैद्य तर खो-खो हसला. म्हणाला, माझ्याकडे येणाऱ्यांना त्या चित्राकडे बघून भीती कमी वाटते, ठिपके मोजायला कोण येतं, राहू द्या. नवंही घेतलं आणि जुनंही ठेवलं. एका साहेबांनी आम्हाला दारातच ऐकून घेतलं, आत गेले, चित्र काढून आणून आमच्यासमोर गुडघ्यावर आपटून फ्रेम मोडली आणि दार लावलं. त्या फ्रेमचं लाकूड चांगलं होतं, हे जिन्यात तेच बोलत राहिले. शिंप्याच्या वरचं जोडपं वेगळं झालं होतं. चित्र कोणाकडे गेलं ते तिला माहीत होतं पण ती सांगेना, आम्हालाच बसवून तासभर नवऱ्याबद्दल सांगितलं. आणि एक आजी होत्या, एकट्या राहणाऱ्या. यांनी सगळं समजावलं त्यांना, दगड, मशीन, ठिपके, भिंग दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “मग आता ती चादर हलायची थांबेल का?” यांनी भिंग खिशात ठेवलं. आजी म्हणाल्या, मी रोज सकाळी त्या चादरीकडे बघून दिवस कसा आहे ते ठरवते, तुम्ही तुमची दोरी घेऊन जा. नेली आम्ही परत. ती ही. चौसष्टावी. म्हणून विकायची नाही.

शेवटी-शेवटी अण्णाही यायला लागले. पहिल्यांदा खालीच बसून राहायचे, जिन्याच्या पायरीवर. मग एका घरी वर आले, आणि न विचारता स्टुलावर चढून स्वतः लावलेलं चित्र स्वतः उतरवलं. त्या घरातल्या माणसाने स्टूल धरून ठेवलं. अण्णांनी त्याच खिळ्यावर नवं लावलं, लेव्हल ठेवून बुडबुडा बघितला, आणि खाली उतरून त्या माणसापुढे हात जोडले. तो माणूस म्हणाला, सरळ लागलंय. मी तोंड फिरवून खिडकीतून बाहेर बघत होते, म्हणजे बघत असल्यासारखं करत होते. चार वर्षं झाली अण्णांना जाऊन. यांनीच सगळं केलं त्यांचं, मुलाने करावं तसं. दुकानात अण्णांच्या नावाने एक शब्द वावगा बोलू देत नाहीत कोणाला. तर असा माणूस आहे. म्हणून म्हटलं, इथे फसायची भीती नाही, निवांत—

काय म्हणालात?

हो. हो, असेल. या ‘वारा’वर सही वेगळ्या हाताची, खालचा सदतीस वेगळ्या हाताचा. तुमची नजर चांगली आहे. म्हातारा माणूस, सही झोकात करतो, आकडे सावकाश काढतो, त्यामुळे— काय? कुठल्या चिठ्ठ्या? त्या? त्या फ्रेमांवरच्या मापाच्या चिठ्ठ्या आहेत, गिऱ्हाइकाचं नाव, लांबी, रुंदी. मीच लिहिते. सात. हो. सातच्या शेपटीला बाक आहे, तो लहानपणापासून आहे, शाळेत मारही खाल्लाय त्याबद्दल. द्या ते भिंग इकडे. तुम्हाला भिंग हातात दिलं ही माझीच चूक.

एकोणीस वर्षांची होते मी. अण्णांनी मशीनवरून आलेला गठ्ठा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, तुझे आकडे सुबक येतात, एक ते पन्नास घाल. मी घातले. सगळं माहीत होतं मला. दगडाच्या शेजारी मोठी झाले मी, कागद हातात घेतल्यावर कळत नाही का? म्हटलं, अण्णा, हे झाले पन्नास, पुढे? म्हणाले, पुन्हा एकपासून. आणि मला — खोटं कशाला सांगू — मजा वाटली. वाईट काही वाटलंच नाही. चार वेळा घातले एक ते पन्नास. आई नव्हती, घरात आम्ही दोघंच, आणि अण्णा बऱ्याच दिवसांनी शीळ घालत होते. लग्न ठरल्यावर मी थांबले, पण तोवर दोनशे तयार होते, आणि ते या दुकानातून यांच्या देखत जात राहिले, आणि मी बांधून देत राहिले. आणि मग चौसष्ट घरं. प्रत्येक घरी हे भिंग काढून दाखवायचे, हे बघा ठिपके, आणि मी ठिपक्यांकडे बघायचेच नाही, खालच्या कोपऱ्यात माझा सात असला तर तो माझ्याकडे बघत असायचा. सात, सतरा, सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस. असलं घर आलं की मी आधीच पाणी मागायचे आणि स्वयंपाकघरात जायचे.

सांगणार होते. घरं फिरायला लागायच्या आधीच सांगणार होते. अण्णांना म्हटलं मी, मागच्या खोलीत जाऊन, की मी यांना सांगते. ते दगड घासत होते. म्हणाले, “एवढं माझ्याकडे राहू दे.” म्हणून राहू दिलं. असं मी म्हणते. वडिलांच्या शब्दासाठी गप्प बसले असं म्हटलं की बरं वाटतं ऐकायला. पण मला सोयीचंही होतं ते. हे लोकांच्या दारात उभे राहून खरं बोलायचे आणि घरी येताना वाटेत मला म्हणायचे, तुझ्यावरही काय वेळ आली, बिचारी. ते ‘बिचारी’ मी दीड वर्ष ऐकून घेतलं. अण्णा गेल्यावर तरी सांगायचं, तर तेव्हा वाटलं, गेलेल्या माणसाचा शब्द कशाला मोडा. मग वाटलं, आता कशाला. असं चार वर्षं वाटतंय.

नाही, तेवढंच असतं तर तुम्हाला सांगितलं नसतं. कोण तुम्ही, कुठल्या. सोफ्याच्या भिंतीसाठी चित्र बघायला आलात. पण तीन आठवड्यांपूर्वी एक मुलगी आली होती, ती लाकडाचे ठसे करणारी — मघाचा आडदांड ठसा तिचाच — हाताला प्लास्टर. पडली होती कुठेतरी. तिची वीस प्रिंट तयार होती, आकडे घालायचे राहिलेले. मला म्हणाली, काकू, सही मी डाव्या हाताने करते कशीतरी, आकडे तुम्ही घाला ना, तुमचं अक्षर किती छान. मी पेन्सिल उचललीसुद्धा. आणि हे तिकडे, त्या टेबलापाशी पट्टी लावून बोर्ड कापत होते. मान वर केली नाही. हात थांबवला नाही. म्हणाले, “नको. ती आता आकडे घालत नाही.”

आता.

बघा, तुम्हालाही लागलं ना ते? हे उगाच बोलणारे नाहीत. ‘ती आकडे घालत नाही’ असं म्हणता आलं असतं. ‘चित्रकाराने घालावेत’ म्हणता आलं असतं, तो यांचा नियमच आहे. ‘आता’ म्हणाले. आणि पुन्हा कापायला लागले, सरळ, एका रेषेत. ती मुलगी डाव्या हाताने आकडे घालून गेली. मी संध्याकाळभर एकच चिठ्ठी तीनदा लिहिली. म्हणजे माहीत आहे यांना. रोज माझ्या चिठ्ठ्या वाचून काचा कापणारा माणूस, माझा सात ओळखणार नाही? तुम्ही वीस मिनिटांत ओळखलात. मग कधीपासून? प्लास्टरवाल्या मुलीपासून तर नक्कीच नाही. बाईंनी पिशवीतून दोन बावीस काढले, तेव्हा बावीसमध्ये सात नव्हता. पण तिसऱ्याच घरी सतरा होता, मला आठवतंय. म्हणजे एकसष्ट घरं. एकसष्ट घरांच्या जिन्यांवरून हा माणूस माझ्या पुढे चालला आणि घरी येताना ‘बिचारी’ म्हणाला, आणि थांबला असेल प्रत्येक वेळी, मी काही बोलते का बघायला. स्वयंपाकघरात पाणी प्यायला जायचे ना मी — बाहेर यायचे तर यांनी आकड्यावर अंगठा ठेवलेला असायचा, चित्र धरताना. मला वाटायचं, धरायची सवय.

ही मला आत्ता आठवली, अंगठ्याची गोष्ट. तुमच्याशी बोलता-बोलता.

गाडी आली वाटतं. हो, हेच, काच असली की हे गाडी अशी हळू लावतात. तुम्ही असं करा, आता निघा. नाही, आज काही घेऊ नका, मी आज नीट विकू शकणार नाही तुम्हाला. भिंतीचं खरं माप घेऊन या, हातांनी दाखवू नका, टेपने घ्या. एचिंग घ्या असं माझं मत, पण घरी विचार करा. पर्स राहिली बघा खुर्चीवर. ते ‘वारा’ राहू द्या टेबलावरच, खणात नका ठेवू. असंच, आकड्याची बाजू वर. या तुम्ही. दार ओढून घ्या.

अहो, ती काच आधी खाली ठेवा. मग इकडे बसा जरा.